निहाली संख्यावाचके

निहाली (नहाली) ही महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात, मुख्यतः मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या जळगाव जामोद तालुक्यात बोलली जाणारी भाषा. तिचे भाषक सुमारे दोन ते अडीच हजार आहेत. कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला.

निहालीच्या गणनेत तीन थर दिसतात. ‘बिदुम’ (१) हा शब्द तिचा स्वतःचा मानला जातो. ‘इरार’ (२), ‘मोथो’ (३) व ‘नालो’ (४) हे द्राविडी असून, कोल्हापूरच्या सीमाभागात परिचित असलेल्या कन्नड ‘एरडु’, ‘मूरु’, ‘नाल्कु’ यांच्याशी त्यांचे साम्य उघड आहे. पाचापासूनची संख्यावाचके हिंदी-मराठीतून आलेली आहेत. शेजारच्या कोरकूतून निहालीने विपुल शब्द घेतले. परंतु ‘बारी’ (२), ‘आफई’ (३) यांसारखी कोरकू संख्यावाचके मात्र स्वीकारली नाहीत. द्राविडी भाषकांशी निहालांचा एके काळी निकट व्यवहार होता, याचा हा महत्त्वाचा पुरावा होय.

देवघेवीची गणना बाजारभाषेतच होऊ लागली, की असे शब्द लवकर लोपतात. निहालांचा स्वतःचा लिखित इतिहास नसल्याने या चार शब्दांची नोंद अगत्याची ठरते.