एका तालुक्यातील दोन आभाळे

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत, आणि दोन्ही सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या मुलखात वसलेली आहेत. याच तालुक्यांच्या पश्चिम टोकास आहुपे आणि नाणेघाट आषाढात धुक्यात बुडालेले असताना इकडचा शेतकरी कोरड्या वाऱ्यात आभाळाकडे डोळे लावून बसतो. हा दैवाचा पक्षपात नव्हे. वायूच्या प्रकृतीचा तो नियम आहे.

हवेचा अफाट साठा समुद्रावर अथवा विस्तीर्ण भूखंडावर दीर्घकाळ स्थिरावला, की तेथील उष्मा वा शीतलता, ओलावा वा कोरडेपणा त्याच्या अंगी मुरतो. अशा साठ्याला वायुराशी म्हणतात. भिन्न प्रकृतीच्या दोन वायुराशी समोरासमोर आल्या असता सहजी मिसळत नाहीत. जड, थंड हवा पाचरीसारखी तळाशी शिरते, उष्ण हवा वर उचलली जाऊन निवते आणि तिच्यातील बाष्पाचे मेघ होतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब आणि त्यांचे सहकारी यांनी या सरहद्दीचे, म्हणजे सीमापृष्ठाचे, शास्त्र उभारले.

युरोपातील पुष्कळसा पाऊस अशा सीमापृष्ठांवर पडतो. आपल्याकडे मोसमात अरबी समुद्रावरून येणारी आर्द्र हवा सह्याद्रीच उचलून धरतो. माथ्यावर ती आपले बहुतेक जलधन रिते करते, आणि पूर्वेस उतरताना तापून अधिकच कोरडी होते. हिवाळ्यात मात्र उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, सरकले, की त्यांच्या पाठोपाठ कोरडी, थंड हवा दख्खनपर्यंत उतरते. तिची गाठ समुद्रावरून आलेल्या दमट हवेशी पडली, तर उत्तुंग मेघ उभे राहून गारा कोसळतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने महाराष्ट्रातील गहू, हरभरा आणि द्राक्षबागा झोडपल्या. त्याच वर्षी ३० जुलै रोजी आंबेगावच्याच डोंगराळ भागातील माळीण गाव मुसळधार पावसात डोंगर खचून गाडले गेले.

ज्या तालुक्याच्या एका टोकास अतिवृष्टी आणि दुसऱ्या टोकास अवर्षण नांदते, त्याच्या पावसाची एकच सरासरी कचेरीच्या दप्तरात मांडून पिकांचे नुकसान ठरवणे अन्यायाचे आहे. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने पर्जन्यमापक बसवावा, वाऱ्याची दिशा व पावसाची नोंद रोज नेमाने ठेवावी, आणि पीक-नुकसानीचा निवाडा करताना सरकारने गावाच्या त्या नोंदीस आधार मानावे.