ब्रेक सैल झाला की शरीर स्वतःवरच उलटतं

मुलुंड-घाटकोपरहून परळला, अंधेरी-बोरिवलीहून प्रभादेवीला उतरून टाटा हॉस्पिटल गाठणारं कुणी ना कुणी आपल्या मोहल्ल्यात असतंच. त्यातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या काही पेशंटना हल्ली केमोसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सलाईनमधून देतात. मग घरचे विचारतात, औषध कॅन्सरचं, तर थायरॉईड कसा बिघडला? जुलाब का लागले?

याचं उत्तर टी-पेशींमध्ये आहे. रक्तातल्या या पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात. एका रिसेप्टरने त्या जंतू ओळखतात. मात्र काही टी-पेशींचा रिसेप्टर आपल्याच अवयवांवर बसतो. छातीतल्या थायमस ग्रंथीत अशा बहुतेक पेशी लहानपणीच मारल्या जातात, तरी काही निसटतात. त्यांना आवरायला पीडी-१ नावाचा दुसरा रिसेप्टर असतो. तो म्हणजे सरळ ब्रेक. अवयवाच्या पेशीने तो दाबला की टी-पेशी थांबते.

जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधला. पुढे १९९९ मध्ये त्यांनी हा रिसेप्टर नसलेले उंदीर पाहिले, तर त्यांना ल्युपससारखा आजार जडला, सांधे सुजले, किडन्या बिघडल्या. ब्रेक कशासाठी आहे ते तिथे कळलं. कॅन्सर मात्र हाच ब्रेक दाबून टी-पेशींना गप्प बसवतो. लबाडच म्हणायचा! निवोलुमॅब पीडी-१ झाकून टाकतं, म्हणजे ब्रेक दाबताच येत नाही. या कामासाठी होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

औषध भयंकर महाग. म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी डोकं आणि मानेच्या, बरा न होणाऱ्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असतो. तोंडाने घ्यायच्या केमोवर वर्षभर जगणारे शंभरात १६ होते, निवोलुमॅब जोडल्यावर ते ४३ झाले. आमच्या मते मुंबईने जगाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे.

पण ब्रेक सुटतो तो सगळ्याच टी-पेशींचा. मग थायरॉईड, आतडी, फुप्फुसं, लिव्हर, कातडी, क्वचित स्वादुपिंडावरही हल्ला होतो. वारंवार जुलाब, कोरडा खोकला, धाप, अंगावर चट्टे, खूप तहान किंवा भलताच थकवा असं काही दिसलं तर नाक्यावरच्या केमिस्टकडून गोळी आणू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. लवकर कळलं तर बहुतेकदा स्टिरॉइडने आवरतं. थायरॉईडची गोळी मात्र कायमची लागू शकते. रमजानात तर जास्तच लक्ष ठेवा, कारण तहान आणि थकवा रोजाच्या नावावर सहज खपून जातात. औषध बंद होऊन काही महिने लोटले तरी हा त्रास सुरू होऊ शकतो. आणि पेशंटला आधीच संधिवात, सोरायसिस किंवा ल्युपस असेल, तर ते पहिल्या सलाईनच्या आधीच डॉक्टरांना सांगा.