लार्कस्पर : वाळवून विकता येणारे फूल

फुलांच्या धंद्यात सर्वात मोठा दुश्मन म्हणजे संध्याकाळ. सकाळी बाजारातून उचललेला मोगरा, गुलाब, झेंडू दुपारपर्यंत माल असतो. मगरिबनंतर तो कचरा होऊ लागतो. आम्ही कापडवाले या बाबतीत सुखी. एखादे ठाण या ईदला गेले नाही तर पुढच्या ईदला जाते, भाव थोडा पडतो इतकेच. हार, सेहरे आणि दर्ग्याच्या चादरी करणाऱ्या, शादीचे स्टेज सजवणाऱ्या आपल्या फुलवाल्या बांधवांना ही सोय नाही. म्हणून आज आम्ही अशा एका फुलाची माहिती देत आहोत, जे ताजे विकता येते आणि उरले तर वाळवून कित्येक महिने ठेवता येते.

नाव लार्कस्पर. लार्क म्हणजे चंडोल पक्षी, आणि स्पर म्हणजे त्याच्या पायाची मागची लांब नखी. फुलाच्या मागे तशीच बारीक शेपटी असते. फारसीत याच फुलाला ‘जबान-दर-कफा’ म्हणतात, म्हणजे ज्याची जीभ मानेमागे आहे ते. आम्हाला फारसी नाव जास्त पटते. मूळ मुलूख भूमध्य समुद्राचा काठ आणि पश्चिम आशिया. रोप एका हंगामाचे. उंच जातीचे तीन-चार फूट वाढते आणि सरळ दांड्यावर खालून वर फुलत जाते. निशिगंधाची दांडी डोळ्यांपुढे आणा, पण जास्त भरलेली आणि रंगीत. रंग निळा, जांभळा, गुलाबी, पांढरा. ‘जायंट इम्पीरियल’ नावाने मिळणारे बी उंच जातीचे आहे. बुटक्या जातीचे बी स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण दांडी लांब नसेल तर सजावटवाला हात लावत नाही.

सगळा खेळ थंडीचा आहे. बी 13 ते 18 अंश तापमानात चांगले रुजते. 21 च्या वर गेले की बरेचसे बी जमिनीतच पडून राहते. आमच्याकडे लोक नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास बी टाकून मोकळे होतात आणि मग बीवाल्याला शिव्या देतात. ऑक्टोबरचा उकाडा संपू द्यावा. नाशिक, मालेगाव, पुणे, सातारा या बाजूला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बरा. पाचगणीसारख्या थंड जागी थोडे आधी चालेल. मुंबई, भिवंडी आणि कोकणपट्टीतल्या बांधवांनी हे फूल विकावे, लावण्याच्या फंदात पडू नये. तिथल्या रात्री या रोपाला पुरेशा गार नसतात.

पेरणीपूर्वी बी किंचित ओल्या रेतीत मिसळून, डबीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावे. बर्फाच्या खणात नव्हे. बी ताजेच पाहिजे. जुन्या बियांची उगवण झपाट्याने घटते, तेव्हा पाकिटावरचे साल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रोपे तयार करून मग लावायची, ही आपली मिरची-वांग्याची सवय इथे घातक आहे. लार्कस्परला सोटमूळ असते आणि ते दुखावले की रोप बसते. म्हणून बी कायमच्या जागीच टोकावे, पाव इंच खोल, आणि वर माती पूर्ण झाकावी, कारण त्याला रुजायला अंधार लागतो. दोन-तीन आठवडे काही दिसणार नाही. धीर धरावा, वाफा उकरून पाहू नये. उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत सहा इंच ठेवावे. जमीन निचऱ्याची हवी. पाणी साचले की बुडखा कुजतो. शेणखत चांगले कुजलेले घालावे, पण युरियाचा मारा नको, त्याने दांडी मऊ होऊन लोळते. कडेने काठ्या रोवून सुतळीचे दोन फेर दिले की वाऱ्याची चिंता मिटते. पानांवर भुरी येते, म्हणून पाणी पानांवर नव्हे, मुळाशी द्यावे. फुले फेब्रुवारी-मार्चात.

आता हिशेब. वीस फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा म्हणजे 80 चौरस फूट. सहा इंचांवर एक रोप धरले तर 320 रोपे. दुप्पट बी टोकले तरी 640 दाणे, आणि एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे दाणे बसतात. म्हणजे दोन-अडीच ग्रॅम बियांत काम भागते. रोपामागे एकच मोठी दांडी धरली आणि दहा दांड्यांची जुडी बांधली तर 32 जुड्या. काही रोपे मरतील, ती वजा करा. पहिल्या साली याहून मोठा वाफा करू नये.

ताजे विकायचे तर खालची चार-पाच फुले उमलताच दांडी कापावी आणि लगेच पाण्यात उभी करावी. एक गोष्ट फुलवाल्यांना सहसा कोणी सांगत नाही. पिकत्या केळी-आंब्यातून आणि गाडीच्या धुरातून इथिलीन वायू निघतो, आणि लार्कस्पर त्याला फार हळवे आहे. फळांच्या टेम्पोत जुड्या टाकल्या तर पाकळ्या वाटेतच गळतात.

वाळवायचे तर दांडी जवळजवळ पूर्ण फुलू द्यावी, वर दोन-चार कळ्या राहिल्या की कापावी. पाने ओरबाडून, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून उलट्या टांगाव्यात. सुतळी नको, दांड्या वाळून बारीक होतात आणि निसटतात. जागा अंधारी, कोरडी, वारा खेळता. घराचा माळा उत्तम. दहा-पंधरा दिवसांत दांडी काडीसारखी कडक होते. उन्हात वाळवले तर रंग उडतो, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको. मृगाचा पाऊस पडण्याआधी माल कागदात गुंडाळून खोक्यात बंद करावा, नाहीतर दमट हवेने मऊ पडतो.

आमचे रंगारी बांधव विचारतील, या निळ्या पाकळ्यांनी कापड रंगेल का? पूर्वी युरोपात या पाकळ्यांच्या रसात तुरटी घालून शाई करीत. पण कापडावर हा निळा टिकाऊ नाही. टिकणारा रंग त्याच्या पिवळ्या भावाचा. हेरातकडच्या डोंगरांवरचे ते रोप वेगळे. त्याला झलील किंवा इस्पराक म्हणतात, आपल्याकडच्या बाजारात अस्बर्ग. एकोणिसाव्या शतकात त्याची वाळलेली फुले अफगाणिस्तानातून पंजाबात येत आणि तुरटीबरोबर रेशमाला पिवळा रंग देत. अफगाण सरहद्द आयोगाबरोबर 1884-85 मध्ये गेलेल्या डॉ. एचिसन यांनी त्याची नोंद केली आहे.

एक सक्त ताकीद. हे झाड विषारी आहे, बी आणि कोवळे रोप तर जास्तच. अमेरिकेच्या कुरणांत याच्या जंगली भावंडांनी गुरे मरतात. ईदसाठी बकरे पाळणाऱ्यांनी विरळणीतली रोपे आणि ओरबाडलेली पाने त्यांच्यापुढे टाकू नयेत. गुलाबपाकळ्यांसारखी याची पाकळी मिठाईवर किंवा दस्तरखानावर पसरू नये. युनानी हकीम वापरतात ती जदवार याच कुळातली, पण ते झाड निराळे. नातेवाईक म्हणून औषध समजू नये. बियांची डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, फ्रिजमध्ये ठेवलेली तर नक्कीच.

गिऱ्हाईक कोण? इंग्लंडात वुस्टरशर परगण्यात याच कुळातली फुले केवळ पाकळ्यांसाठी शेतात लावतात. वाळलेल्या पाकळ्या लग्नात नवरा-नवरीवर उधळण्यासाठी विकल्या जातात. आपल्याकडे मंडप-सजावटवाले, भेटवस्तूंची दुकाने आणि सेहरे-परड्या करणाऱ्या बायका यांच्याकडे आधी जावे. बी घेण्यापूर्वी एखादी सुकी जुडी मिळवून त्यांच्यापुढे ठेवावी आणि याला काय द्याल ते विचारावे. तीन जणांनी भाव सांगितला तरच सप्टेंबरात बी मागवावे, म्हणजे फ्रिजचे दोन आठवडे धरून नोव्हेंबरची पेरणी हुकणार नाही.