घरच्या कुत्रीचे वेत घेण्यापूर्वी

दांडिया बाजारातील आमच्या घरी चिंगी नावाची पांढरीशुभ्र पामेरियन कुत्री होती. ती दोन वर्षांची झाली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा आग्रह सुरू झाला : एकदा तरी पिले होऊ द्या, एक आमच्यासाठी राखून ठेवा. असे सांगून ठेवणारे सात-आठ जण होते. 2018 च्या हिवाळ्यात पिले झाली तेव्हा त्यांतील एकच गृहस्थ न्यावयास आले. लहान जातिवंत कुत्र्यांची पैदास करण्याचे ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांच्यापुढे तो सारा अनुभव मांडावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

पहिला प्रश्न जातीचा. आपल्याकडे पामेरियन म्हणून घरोघर दिसणारी कुत्री बहुतांशी इंडियन स्पिट्झ असतात. अस्सल पामेरियन दीड ते साडेतीन किलोंच्या आसपास. आमची चिंगी सहा किलोंची होती, तेव्हा तिच्या कुलीनतेविषयी अधिक न बोलणे बरे! पण ज्यांच्याजवळ केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. तो दाखला वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत असतो. नर आणि मादी दोघांचेही गुडघे, हृदय व डोळे पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत, ब्रुसेलाची रक्तचाचणीही करावी. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि त्या चपट्या नाकाची सर्वांना भुरळ पडली. परंतु त्याच नाकामुळे त्याला श्वास पुरत नाही. आमच्या बडोद्याच्या वैशाखात गाभण पगची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच करावी. त्यात पिलाचे डोके मोठे, म्हणून पुष्कळदा पोट फाडूनच सुटका करावी लागते.

पिले विकायची असतील, तर कायदाही ठाऊक हवा. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी दीड वर्षांची होण्यापूर्वी तिचे वेत घेता येत नाही, वर्षात एकाहून अधिक नाही, जन्मात पाचांहून अधिक नाही. आणि आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही.

गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. पंचावन्नाव्या दिवसानंतर क्ष-किरण चित्र काढले तर पिले किती, हे कळते. ते आम्ही काढले नाही. खर्च वाचवला, असे त्या वेळी वाटले. थर्मामीटर मात्र रोज लावीत होतो; पारा 99 अंशांच्या खाली उतरला की बहुधा दिवसभरात कुत्री विते, हे खरे ठरले. दोन पिले सुखरूप झाली. तिसरे अडकले. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिलू न आल्यास तत्काळ दवाखाना गाठावा, हे मला माहीत नव्हते. मी तीन तास तिच्या पाठीवरून हात फिरवीत बसले. रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया झाली. तिसरे पिलू मृतच निघाले.

एवढ्यावर निभावले असते तर बरे. तिसऱ्या आठवड्यात एका सायंकाळी चिंगी धापा टाकू लागली. पाय ताठले, सर्वांगाला कंप सुटला, डोळे भेदरलेले. दुधावाटे शरीरातील कॅल्शियम झपाट्याने निघून गेल्याचा हा परिणाम. लहान चणीच्या मातांना तो विशेष जाचतो. मला अपराधी वाटले ते याच्या कारणाने. शेजारणीच्या सल्ल्यावरून मी गाभणपणी तिला कॅल्शियमच्या गोळ्या भरपूर दिल्या होत्या. माया म्हणून दिल्या! पण बाहेरून आयता पुरवठा मिळू लागला, की हाडांतून कॅल्शियम काढून देणारी ग्रंथी सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी जागी होत नाही. डॉक्टरांनी हृदयाचे ठोके ऐकत ऐकत शिरेतून अत्यंत सावकाश औषध दिले. अर्ध्या तासाने तिने मान उचलली.

त्यानंतर पिलांना तिच्यापासून तोडावे लागले. गाईचे दूध कुत्रीच्या दुधाहून पातळ, म्हणून पिलांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणली. दर चार तासांनी बाटली, रात्रीही. घरात दोघांपैकी एकाला तरी रजा घेता येत नसेल, तर या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एक पिलू त्या गृहस्थांकडे गेले, दुसरे आमच्याकडेच राहिले. पुढे चिंगीचे गर्भाशय काढून घेतले. तिचे टाके ओले असतानाच, पिलू मागून न आलेल्यांपैकी एक बाई समाचाराला आल्या. चहा घेतला, तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि उंबरठ्यावर थांबून विचारले, "मग पुढचे वेत केव्हा?"