आधी काच, मग लेझर

रॉकी पर्वतातली हवा कोरडी आणि विरळ असते. समोरच्या उतारावरचं झाड न् झाड स्वच्छ दिसतं, आणि नेमकं म्हणूनच अंतर फसवतं. मध्ये दरी असली की नजरेला मोजायला काही आधारच उरत नाही. पलीकडच्या कडेला चरणारं एल्क 300 यार्डांवर आहे असं वाटतं आणि ते असतं 450 यार्डांवर. एक यार्ड म्हणजे तीन फूट, मीटरपेक्षा थोडं कमी.

या चुकीची किंमत जनावर मोजतं. एल्क हे सांबराच्या कुळातलं थोराड हरीण. नराचं वजन 300 किलोच्या घरात जातं. तरी काळीज आणि फुप्फुसं मिळून मर्माची जागा उंचीला जेमतेम दीड फूट. 6.5 क्रीडमूर काडतुसाच्या, इकडे घरोघरी दिसणाऱ्या रायफलचा नेम 200 यार्डांवर बसवला, तर गोळी 300 यार्डांवर साधारण 8 इंच खाली येते, 400 वर 22 इंच आणि 500 वर 44 इंच. जितकं लांब जावं तितकी ती झपाट्याने पडत जाते. 450 यार्डांवरच्या एल्कला 300 वरचं समजून कुणी चाप ओढला तर गोळी दोन फूट खाली जाणार. म्हणजे मातीत, नाहीतर पायात. पायात लागलेलं एल्क डोंगर ओलांडून निघून जातं आणि कुठेतरी झुरत मरतं. अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीचा विषय मला जिव्हाळ्याचा आहे तो यासाठी.

मी मूळची कोल्हापूरची, पेशाने सिव्हिल इंजिनियर. बरीच वर्षं कोलोराडोच्या पश्चिम भागात रस्त्यांच्या सर्व्हेची कामं करते. शिकार इथे आल्यावर शेजारच्या आजोबांकडून शिकले. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि ती रास्तच होती. कोलोराडोची गोष्ट वेगळी आहे. इथे एल्कची संख्या अडीच लाखांच्या वर आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कुठल्या भागात किती जनावरं मारायची ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि बऱ्याच भागांतले परवाने सोडत काढून देतं. 1949 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मांस वाया घालवणं गुन्हा आहे. आमच्या घरी वर्षभर मटण म्हणून जे शिजतं ते बहुतेक एल्कचंच असतं, आणि पांढरा रस्सा त्याचाही उत्तम होतो.

आता दुर्बिणीकडे वळते. तिच्यात दोन यंत्रं एकत्र नांदतात. एक साधी दुर्बीण, दुसरं लेझरने अंतर मोजणारं यंत्र. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे बारीक स्पंद सुटतात. बहुतेक यंत्रांत हा प्रकाश 905 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो जनावराच्या अंगावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. 500 यार्डांसाठी हा वेळ साधारण 3 मायक्रोसेकंद. हिशेब एका यार्डापर्यंत अचूक हवा तर आतल्या घड्याळाला 6 नॅनोसेकंदांचा फरक कळावा लागतो. असं घड्याळ हातात मावणाऱ्या वस्तूत बसवणं सोपं नव्हतं. जर्मनीच्या लायका कंपनीने 1992 मध्ये जिओव्हिड नावाची दुर्बीण आणली, तेव्हा कुठे हे सामान्य शिकाऱ्याच्या गळ्यात आलं.

प्रकाश सोडून अंतर काढायचं काम मी रोज टोटल स्टेशन या सर्व्हेच्या यंत्रावर करते. त्यामुळे दुकानातल्या खोक्यावर ‘5000 यार्ड’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसलं की मी ते बाजूला ठेवते. साइटवर आम्ही समोर काचेचा प्रिझम उभा करतो, तो जवळजवळ सगळा प्रकाश सरळ माघारी पाठवतो. एल्कच्या अंगावरचे केस त्यातला बराचसा गिळतात आणि उरलेला इतस्ततः पांगवतात. खोक्यावरचा आकडा चकचकीत पाटीसारख्या परावर्तकाचा असतो. हरणासाठीचा पल्ला माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो कित्येकदा निम्म्याहून कमी भरतो. भर उन्हात आणखी घटतो, कारण सूर्यप्रकाशातही तोच अवरक्त भाग असतो आणि परतीचा क्षीण स्पंद त्याच्या गलबल्यात हरवतो. तरीही हल्लीच्या चांगल्या दुर्बिणी हरणावर हजार यार्डांच्या आसपास सहज वाचन देतात. कुणीही शहाणा माणूस तेवढ्या लांबून जनावरावर गोळी झाडणार नाही. मग पाच हजारासाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

पैसे मोजायचे ते काचेसाठी. शिकारीच्या दिवशी लेझरचं बटण दाबायचं काम काही सेकंदांचं. काचेतून पाहायचं काम पहाटेपासून दिवस मावळेपर्यंतचं. इकडे डोंगरात शिकार म्हणजे मुख्यतः बसून न्याहाळणं. दुर्बीण ट्रायपॉडवर लावायची, समोरच्या उताराच्या मनात पट्ट्या पाडायच्या आणि एकेक पट्टी सावकाश तपासायची. अख्खं जनावर कधी दिसत नाही. झाडांच्या उभ्या रेषांमध्ये एक आडवी रेषा दिसते, ती पाठ असते. राखाडी झुडपात फिकट पिवळसर ठिपका दिसतो, तो पुठ्ठा. कधी नुसता कान हलतो. एल्क सर्वांत जास्त बाहेर येतं ते उजाडताना आणि अंधारताना. कायद्याने शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. खरा कस त्या दोन अर्ध्या तासांत लागतो. तिथे काच हिणकस असेल तर पाठीची ती रेषा झाडाच्या खोडात विरघळून जाते, आणि जे दिसलंच नाही त्याचं अंतर लेझर काय मोजणार?

दुर्बिणीवर 10×42 असं लिहिलेलं असतं. 10 म्हणजे वस्तू दहापट मोठी दिसते, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 10 ने भागलं की 4.2 मिलिमीटर येतात; डोळ्यात शिरणारी प्रकाशाची गोल शलाका तेवढी रुंद. 8×42 मध्ये ती सव्वापाच होते, म्हणून 8 पटीची दुर्बीण तिन्हीसांजेला थोडी उजळ वाटते आणि हातात कमी थरथरते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास. उघड्या डोंगरांसाठी मी 10×42 च सुचवते. दाट जंगलात, जिथे शंभर यार्डांपलीकडे दिसतच नाही, तिथे 8 पट उत्तम.

दुकानात दुर्बीण बघायला जायचं ते संध्याकाळी. दिव्यांच्या झगमगाटात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. विक्रेत्याची परवानगी काढून दारात यावं, समोरच्या दोन-तीन दुर्बिणी एकामागून एक डोळ्यांना लावाव्यात आणि पार्किंगच्या टोकाची सर्वांत काळोखी जागा बघावी. एखाद्या झुडपाखालच्या सावलीत फांद्या मोजता येतात का, ते पाहावं. मग आकाशावर उठून दिसणारी विजेची तार बघावी. तारेच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसली तर भिंग रंग नीट एकत्र आणत नाही असं समजावं. दहा-पंधरा मिनिटं पाहत राहावं. डोळ्यांवर ताण आला, भुवयांच्या मध्ये दुखायला लागलं, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. तशी दुर्बीण कितीही नावाजलेली असो, परत ठेवावी. चष्मा असेल तर तो घालूनच बघावं आणि दृश्याचा पूर्ण गोल दिसतो का ते तपासावं.

लेझर असलेल्या दुर्बिणीत आणखी एक बारीक गोष्ट तपासायची. आकडे आतल्या काचेवर उमटवायला एका नळीत जादा आरसा किंवा पडदा बसवावा लागतो. हलक्या प्रतीच्या दुर्बिणीत त्या नळीतलं दृश्य मंद दिसतं किंवा त्यावर निळसर छटा येते. आधी डावा, मग उजवा डोळा मिटून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की फरक कळतो. आकड्यांची झळाळी कमी-जास्त करता येते का, तेही पाहावं. तिन्हीसांजेला लाल आकडे फार प्रखर असले तर त्यांच्यामागे जनावरच झाकलं जातं.

दुर्बीण विकत घेतल्यावर मी पहिलं काम करते ते लेझरची दिशा तपासण्याचं. आत दिसणारा छोटा गोल आणि प्रत्यक्ष लेझर एकाच जागी जातात असं आपण गृहीत धरतो. नेहमी तसं असतंच असं नाही. दोन-अडीचशे यार्डांवरचा एक खांब निवडायचा, ज्याच्या मागे मोकळं आकाश आहे. दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट बसवायची, गोल खांबाच्या डावीकडे आकाशात ठेवायचा आणि बटण दाबत केसभर-केसभर उजवीकडे सरकवायचा. आकाशातून काही परत येत नाही, तेव्हा आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. पहिल्यांदा आकडा उमटला ती लेझरची एक कड. खांब ओलांडून आकडा बंद झाला ती दुसरी. मग हेच आडव्या कठड्यावर, खालून वर. दोन्ही कडांचा मध्य गोलाच्या मध्यावर आला तर ठीक. अर्ध्या गोलाचा फरक असला तरी लांबवर लेझर एल्कऐवजी मागच्या उतारावर पडेल, आणि दुर्बीण मोठ्या विश्वासाने मागच्या डोंगराचं अंतर सांगेल. लेझरची शलाकाही पसरत जाते. मिलिरेडियनभर पसरणारी शलाका 500 यार्डांवर दीड फूट रुंद होते, म्हणजे एल्कच्या मर्माएवढी. पुढे गवताचं पातं किंवा फांदी आली तर आकडा तिचाच येतो. म्हणून एकदा मोजून थांबायचं नाही. जनावर, त्याच्या पायाशी असलेला दगड, शेजारचं झाड, असे तीन-चार आकडे घ्यायचे. ते जुळले तरच खरे मानायचे.

उतारावर आणखी एक हिशेब लागतो. 30 अंशांच्या कड्यावरून खाली 400 यार्डांवर जनावर उभं असेल, तर गोळीच्या घसरणीसाठी धरायचं अंतर साधारण 346 यार्ड. आमच्या सर्व्हेतलं तिरकं आणि आडवं अंतर ते हेच. चांगली दुर्बीण कोन मोजून हा आकडा आपोआप देते. त्याहून महाग दुर्बिणींत तापमान आणि हवेचा दाबही मोजला जातो, कारण 9000 फुटांवर हवा विरळ असते आणि गोळी कमी खाली येते. पण यातली कुठलीही दुर्बीण वारा मोजत नाही. ताशी 10 मैलांचा आडवा वारा 500 यार्डांवर त्याच गोळीला सव्वा फूट बाजूला नेतो, आणि मधल्या दरीत वारा कसा वाहतोय हे कुणालाच नक्की दिसत नाही. गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतं.

बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापन केली. जनावराला निसटायची खरी संधी मिळाली पाहिजे, हे तिचं तत्त्व. त्याच तत्त्वावर बोट ठेवून तिने लांब पल्ल्याच्या शिकारीबद्दल जाहीर नापसंती नोंदवली आहे, आणि मला ती मनापासून पटते. माझी मर्यादा 350 यार्ड. एका संध्याकाळी ओढ्यापलीकडे कळप दिसला, दुर्बिणीने 640 दाखवले. माझ्याबरोबरचे आजोबा नुसतं ‘जवळ जाऊ’ म्हणाले. आम्ही ओढ्यात उतरलो, पलीकडे चढलो, तोवर कळप पाइनच्या रानात शिरला होता. त्या दिवशी दुर्बिणीने तिचं काम चोख केलं होतं.

किमतीचं म्हणाल, तर व्होर्टेक्ससारख्या अमेरिकी कंपनीची लेझरवाली दुर्बीण हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास मिळते; लायका, झाइस किंवा ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीची त्याहून बरीच महाग. हाताशी हजारापेक्षा कमी असतील तर एकत्र यंत्राचा नाद सोडावा. चांगली साधी 10×42 घ्यावी आणि खिशात मावणारा सुटा रेंजफाइंडर, म्हणजे नुसतं अंतर मोजणारं यंत्र. एक बिघडलं तर दुसरं हाताशी राहतं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी.

महाराष्ट्रातून पक्षी बघणारे नातेवाईक विचारतात, अशी दुर्बीण आम्हीही घ्यावी का? त्यांना मी नको म्हणते. तेवढ्या पैशांत लेझर नसलेली, कितीतरी सरस काचेची 8×42 मिळते, आणि ती हलकीही असते. मात्र व्याघ्र प्रकल्पांत ठरलेल्या रेषेवरून चालत चितळ, सांबर, गवे मोजतात, तिथे लेझरला पर्याय नाही. दिसलेल्या प्रत्येक कळपाचं अंतर आणि होकायंत्राने दिशा नोंदवायची असते. त्या दोन नोंदींवरून जंगलात दर चौरस किलोमीटरला किती जनावरं आहेत याचा अंदाज बांधतात. त्या कामाला सुटा, हातात धरायचा रेंजफाइंडर पुरतो. घेताना फक्त दोन गोष्टी बघाव्यात: पुढच्या बांबूचं अंतर टाळून मागच्या जनावराचं देणारी सोय त्यात आहे का, आणि पाऊस-धुक्यात तो तग धरतो का.