घोडवेल

घोडवेल : (हिं. विदारीकंद, सुराल, सं. विदारी, लॅ. प्युरॅरिया ट्यूबरोजा, कुल–लेग्युमिनोजी, उपकुल–पॅपिलिऑनेटी). शिंबावंत कुलातील ही मोठी, काष्ठमय, वेढे देत चढणारी वेल भारतातील पानझडी वनांत आढळते. गोंडपिपरीच्या (जि. चंद्रपूर) आसपासची व १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील सागमिश्रित वने तिला मानवणारी आहेत. तिचा कंद खाद्य व औषधी आहे. तथापि तीन दलांची पाने असलेली एक विषारी कंदवेलही मध्य भारतातील रानांत वाढत असल्याने कंद खणण्यापूर्वी वेलीची ओळख पक्की करणे अगत्याचे असते.

पाने संयुक्त व त्रिदली असून दले मोठी, सु. १०–२० सेंमी. लांब व खालच्या बाजूस रेशमी लवयुक्त असतात. मधले दल सममित, तर बाजूची दोन्ही तळाशी तिरकस असतात. देठाचा तळ फुगीर असून त्याच्या बुडाशी उपपर्णे असतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बहुधा निष्पर्ण वेलीवर निळसर जांभळ्या, पतंगरूप फुलांच्या लांब मंजऱ्या येतात. शिंबा चपटी, ५–८ सेंमी. लांब, बियांच्या दरम्यान खोल आकसलेली व राठ तपकिरी केसांनी आच्छादलेली असते. ही शिंबा सर्वांत खात्रीची खूण होय.

बैचांदी (डायोस्कोरिया हिस्पिडा) ह्या विषारी वेलीची पानेही त्रिदलीच असतात. परंतु तिच्या खोडावर काटे असतात, उपपर्णे नसतात, फुले बारीक व हिरवट पिवळी आणि फळ तीन पंखांचे असते. तिच्या कंदातील डायोस्कोरीन हे अल्कलॉइड घातक असल्याने चकत्या कित्येक दिवस पाण्यात धुतल्याखेरीज तो खात नाहीत.

दुसरा घोटाळा नावाचा आहे. आयपोमिया मॉरिशियाना ह्या वेलीसही भुईकोहळा व विदारी म्हणतात. तिची पाने साधी पण हाताच्या पंजाप्रमाणे ५–७ खंडांत विभागलेली, फुले नरसाळ्यासारखी व गुलाबी जांभळी आणि बिया लांब केसांच्या असतात. तिला पांढरा चीक येतो. म्हणूनच तिला क्षीरविदारी म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या वाळलेल्या चकत्यांवरून भेद करणे अवघड असल्याने केवळ नावावर विसंबणे इष्ट नाही.

कंदाचा आकार वयानुसार फार बदलतो व जुना कंद अनेक किग्रॅ. वजनाचा भरतो, त्यामुळे एकट्या कंदावरून ओळख पटत नाही. पाने झडल्यावर व शिंबा गळून गेल्यावर खोडाखेरीज काहीच दिसत नाही. म्हणून जाणकार पावसाळ्यात पाने पाहून वेलीची जागा हेरून ठेवणे पसंत करतात. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशातील पेडिओमेलम एस्क्युलेंटम ह्या याच उपकुलातील रानटी ओषधीबाबतही असेच घडते : फळे पिकल्यावर तिचा जमिनीवरील भाग तुटून वाऱ्याने उडून जातो आणि खाद्य मूळ शोधणे कठीण होते.

कंदात भरपूर स्टार्च असून प्युरॅरीन, डाइडझाइन इ. आयसोफ्लॅव्होने आढळतात. आयुर्वेदात तो बल्य व स्तन्यवर्धक मानला आहे. संपूर्ण कंद काढल्यास वेल नष्ट होते.