घरचं इंटरनेट (लेखांक ९) : लपायचं कोणापासून?

२०१२ सालच्या मे महिन्यात देशभरातल्या कितीतरी घरांत विमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन ही संकेतस्थळं एकाएकी उघडेनाशी झाली. कारण इथे चेन्नईत होतं. 'कोलावेरी डी'मुळे आधीच गाजलेल्या '३' या धनुषच्या सिनेमाच्या चोरट्या प्रती नेटवर फिरू नयेत, म्हणून निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश आणला होता. प्रतिवादी बीएसएनएलसारख्या इंटरनेट कंपन्या, आणि त्यांच्या जोडीला काही 'अशोक कुमार'. चोर कोण हे ठाऊक नसलं की आपल्याकडे दाव्यात हे नाव घालतात. कंपन्यांनी फार डोकं न चालवता अख्खी संकेतस्थळंच बंद करून टाकली. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला, की बंद करायचे ते चोरीच्या प्रतींचे नेमके पत्ते. सगळं संकेतस्थळ नव्हे.

अशा बंदीला वळसा घालायचा तर व्हीपीएन उपयोगी पडतं, यात शंका नाही. पण आज ते विकलं जातं ते वेगळ्याच नावाने. यूट्यूबवर पाककृती सांगणारी बाईसुद्धा मध्येच थांबून सांगते, की व्हीपीएन नसेल तर तुमचं बँक खातं उघड्यावर आहे. चेन्नईच्या मेडवाक्कममधल्या एका मराठी घरात मी हे ऐकून धास्तावलेलं जोडपं पाहिलं. नवऱ्याच्या लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन होतंच. त्यावर बायकोच्या मोबाइलवर आणखी एक विकतचं. ती म्हणाली, "अहो, हे चालू असलं की बँकेचं ॲप उघडतच नाही. मग मी बंद करते, पैसे पाठवते, परत चालू करते." म्हणजे ज्या कामासाठी घेतलं, नेमकं तेच काम करताना ते बंद!

ऑफिसचं व्हीपीएन आधी बाजूला काढू. चेन्नईतल्या ओएमआर रस्त्यावरच्या कंपनीचे सर्व्हर बाहेरच्या कोणाला दिसू नयेत, घरून काम करणाऱ्याला मात्र आत शिरता यावं, एवढ्यासाठी ते असतं. ते कंपनीचं, कंपनीसाठी. ते चालू असताना तुमचा वावर कंपनीला दिसू शकतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

विकतचं व्हीपीएन करतं काय? तुमच्या फोनपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कुलूपबंद वाट तयार करतं. वाटेतल्या कोणाला आतलं दिसत नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसतं ते एवढंच, की हा माणूस अमुक सर्व्हरशी बोलतोय. वाट संपली की पुढचा प्रवास नेहमीसारखाच, फक्त निघाल्याचा पत्ता तुमचा नाही, सर्व्हरचा.

पंधरा वर्षांपूर्वी याची गरज खरोखर होती. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक छोटंसं साधन आलं. ते वापरून कॅफेच्या वाय-फायवर शेजारी बसलेला माणूस तुमच्या फेसबुक खात्यात सरळ शिरू शकत असे. २०१५ मध्ये बंगळुरूतल्या एका प्रोग्रॅमरला आढळलं, की एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून त्याचं स्वतःचंच पान उघडलं तर त्यात भलताच कोड घुसवलेला असतो. पानं उघडी जात होती, म्हणून हे जमत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टने सुरक्षा-प्रमाणपत्रं फुकट वाटायला सुरुवात केली, ब्राउझरही उघड्या पानांवर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागले, आणि बघता बघता एचटीटीपीएस, म्हणजे पानं कुलूपबंद करून पाठवणं, ही नेहमीची गोष्ट झाली.

आज तुम्ही बँकेचं संकेतस्थळ उघडता तेव्हा इंटरनेट कंपनीला बँकेचं नाव कळतं, वेळ कळते, किती डेटा आला-गेला ते कळतं. शिल्लक कळत नाही, पासवर्ड कळत नाही. नाव कळतं ते दोन ठिकाणी. एक, नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या चौकशीत. दोन, जोडणी सुरू होताना पाठवलेल्या पहिल्या निरोपात, कारण त्यात संकेतस्थळाचं नाव बहुधा उघडंच लिहिलेलं असतं. पहिली फट बुजवायला पैसे लागत नाहीत. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'प्रायव्हेट डीएनएस' असा पर्याय असतो. तिथे 'डीएनएस डॉट गूगल' असं इंग्रजीत टाकलं की चौकशी कुलूपबंद होते. मग ती गूगलला दिसते, हे ओघाने आलंच.

आणि खरी मेख इथेच आहे. व्हीपीएनने पाळत संपत नाही, पाळत ठेवू शकणारा बदलतो. घरमालकाला कळू नये म्हणून अनोळखी माणसाकडे किल्ली ठेवण्यातला हा प्रकार. इंटरनेट कंपनीचं ऑफिस निदान शहरात असतं, परवाना सरकारी असतो. व्हीपीएनवाला कुठल्या देशात बसलाय हेही अनेकदा कळत नाही. फुकटच्या व्हीपीएनचं तर विचारूच नका. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचं फुकटचं व्हीपीएन लोक सुरक्षेसाठी वापरत होते, आणि लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती फेसबुकला मिळत होती. ते २०१९ मध्ये बंद झालं. 'आम्ही काहीच नोंदवत नाही' म्हणणाऱ्या हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनच्या नोंदी २०२० मध्ये उघड्यावर सापडल्या.

आपल्याकडे आणखी एक वळण आलं. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने फर्मान काढलं, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी आणि सेवा घेण्याचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळली गेली. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता एक्स्प्रेसव्हीपीएनच्या यादीत 'भारत' निवडलं तर सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये असतो. चेन्नई ते सिंगापूर समुद्राखालून केबल गेलेल्या आहेत. त्यांतली आय-टू-आय सुमारे ३,२०० किलोमीटरची, २००२ मध्ये सुरू झालेली. म्हणजे मेडवाक्कमहून अड्यारच्या दुकानाचं संकेतस्थळ बघायचं तर डेटाने बंगालचा उपसागर ओलांडून जायचं आणि परत यायचं. मुलांचा ऑनलाइन खेळ अडखळला तर राउटरला शिव्या देऊ नका.

व्हीपीएन वापरणं हा देशभर गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी बंदी घातली आहे. स्रोत जपायचे असलेला पत्रकार, हॉस्टेलच्या किंवा हॉटेलच्या नेटवर अवलंबून असलेला माणूस, बंद केलेलं संकेतस्थळ अभ्यासासाठी हवं असलेला संशोधक, यांनी जरूर घ्यावं, विकतचं घ्यावं, आणि कंपनीचं त्रयस्थाकडून ऑडिट झालंय का ते बघावं. घरच्या फायबरवर सिनेमे, बँक आणि शाळेचं ॲप एवढंच चालत असेल, तर माझं मत स्वच्छ 'नाही' असं आहे. घराघरांत पैसे जातात ते ओटीपी सांगितल्याने, वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजमधून उतरवलेल्या ॲपमुळे, एकच पासवर्ड सगळीकडे वापरल्याने. त्या कुलूपबंद वाटेतून ओटीपीही तितक्याच सुरक्षितपणे चोराच्या हाती पोचतो.

मेडवाक्कमच्या घरात आम्ही ते ॲप काढलं. नुसतं ॲप काढून वर्गणी थांबत नाही, म्हणून प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन तीही रद्द केली. अशा सेवा पहिली मुदत स्वस्तात देतात आणि नूतनीकरणाला बरीच जास्त रक्कम आपोआप कापतात, तेव्हा तुमच्याही यादीत एकदा डोकावून बघा. पुढच्या लेखांकात दारावरचे कॅमेरे आणि त्यांचं चित्रण नेमकं कुठे साठतं ते पाहू.